तत्त्वज्ञानाच्या निबंधस्पर्धेसाठी विषय कसा निवडावा?

तुम्ही अकरावीत आहात, विद्यार्थ्यांसाठीच्या एका तत्त्वज्ञान निबंधस्पर्धेत भाग घेणार आहात, शब्दमर्यादा १५०० आहे, विषय स्वतःच ठरवायचा आहे आणि हातात सहा आठवडे आहेत. इच्छास्वातंत्र्य, जीवनाचा अर्थ आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असे तीन विषय तुमच्या मनात आहेत. वडिलांना कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय काळाला धरून वाटतो. भारतीय दर्शनांवर लिहिल्यास निबंध उठून दिसेल, असे तुमच्या शिक्षकांचे म्हणणे आहे. आणि यांपैकी परीक्षकांना कोणता विषय आवडेल, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवते आहे आणि अशा स्पर्धांसाठी विद्यार्थ्यांची तयारी करून घेण्याचे, तसेच काही वेळा निबंध तपासण्याचेही काम मी केले आहे. त्या अनुभवावरून सांगते की तुमची खरी अडचण या तिघांतून एक निवडण्याची नाही. हे तिन्ही अजून विषयांच्या पातळीवर आहेत आणि निबंध मात्र प्रश्नावर लिहावा लागतो. ‘इच्छास्वातंत्र्य’ हे एका प्रदेशाचे नाव आहे. त्या प्रदेशात तुम्हाला नेमके कोठे जायचे आहे हे त्यातून कळत नाही.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते स्पष्ट करते, कारण सगळ्या स्पर्धा सारख्या नसतात. काही स्पर्धा प्रश्न ठरवूनच देतात आणि त्यांतला एक निवडायला सांगतात. १९९३ मध्ये बल्गेरियात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय तत्त्वज्ञान ऑलिंपियाडमध्ये तर विद्यार्थ्यांपुढे चार अवतरणे ठेवली जातात आणि त्यांपैकी एकावर चार तासांत निबंध लिहायचा असतो. तेथे निवड दहा-पंधरा मिनिटांत करावी लागते. अशा वेळी ओळखीच्या तत्त्वज्ञाचे अवतरण घेण्याचा मोह होतो, पण मी विद्यार्थ्यांना सांगते की ज्या अवतरणाशी तुमचे निम्मे पटते आणि निम्मे पटत नाही ते घ्या, कारण तेथे तुम्हाला स्वतःचे म्हणून काही सांगायचे असते. तुमच्या स्पर्धेत तशी घाई नाही. उलट मोकळीक अधिक आहे, आणि मोकळीक असली की विषय मोठा निवडला जातो. त्याच ऑलिंपियाडचे मूल्यमापनाचे पाच निकष मात्र तुमच्याही उपयोगाचे आहेत: विषयाशी सुसंगती, विषयाचे तात्त्विक आकलन, युक्तिवादाची पटवून देण्याची ताकद, मांडणीतील सुसूत्रता आणि स्वतंत्र विचार. विषय किती भव्य आहे किंवा किती चालू काळातला आहे, याला यांत गुण नाहीत. तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रकात निकष दिले असतील तर ते आधी नीट वाचा. पण ते यांहून फार निराळे असतील असे मला वाटत नाही.

आता १५०० शब्दांचा हिशेब करून पाहू. प्रश्न काय आहे आणि तो का पडतो हे सांगायला दीडदोनशे शब्द लागतात. त्यातील एकदोन संकल्पना स्पष्ट करायला तीनशे, स्वतःचा युक्तिवाद मांडायला चारशे, त्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप प्रामाणिकपणे मांडायला तीनशे आणि त्याला उत्तर देऊन निष्कर्षाची मर्यादा सांगायला उरलेले तीनशे. याचा अर्थ, तुम्हाला एक युक्तिवाद, एक आक्षेप आणि एक उत्तर एवढ्यापुरतीच जागा आहे. ‘माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे काय?’ हा प्रश्न या जागेत बसवायचा म्हटले की विद्यार्थी नाइलाजाने यादीकडे वळतो: एक परिच्छेद नियतिवादाचा (म्हणजे सगळे आधीच ठरलेले असते या मताचा), एक कर्मसिद्धान्ताचा, एक मेंदूविज्ञानाचा, एक अस्तित्ववादाचा आणि शेवटी ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असे एक वाक्य. मी तपासलेल्या निबंधांत सर्वांत अधिक संख्या अशाच निबंधांची होती. त्यांत वाचन दिसे, कष्ट दिसत, भाषाही चांगली असे; पण लिहिणाऱ्याने स्वतः विचार करून कोणते पाऊल टाकले, हे शोधूनही सापडत नसे.

लहान प्रश्न म्हणजे हलका प्रश्न, अशी भीती वाटत असेल तर एक उदाहरण लक्षात ठेवा. १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. एखादी गोष्ट सत्य आहे, ती सत्य आहे असा माझा विश्वास आहे आणि त्या विश्वासाला माझ्याकडे चांगला आधार आहे, एवढ्यावरून मला तिचे ज्ञान आहे असे म्हणता येते काय, हा एकच प्रश्न त्यांनी विचारला आणि दोन काल्पनिक प्रसंग सांगून ‘नाही’ असे उत्तर दिले. ज्ञान म्हणजे काय, या अवाढव्य विषयावर त्यांनी लिहिले नाही. तरीही त्या विषयावरची चर्चा त्यांच्या लेखानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

प्रश्न लहान कसा करायचा, हे सांगून समजण्यापेक्षा पाहून लवकर समजते. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे ‘मृत्यू’ हा विषय घेऊन आली. तिने उपनिषदांपासून अस्तित्ववादापर्यंत बरीच टिपणे काढली होती. मी तिला विचारले की, मृत्यूविषयी तुला स्वतःला काय खुपते? थोडा वेळ गप्प राहून तिने घरातली गोष्ट सांगितली. विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा विकणार नाही, असे वचन तिच्या आजोबांनी अखेरच्या दुखण्यात तिच्या वडिलांकडून घेतले होते. आणि आता भावाच्या शिक्षणाच्या खर्चासाठी तोच तुकडा विकावा की नाही, यावरून घरात रोज बोलणे होत होते. आजीचे म्हणणे, शब्द दिला तो दिला. काकांचे म्हणणे, गेलेल्या माणसाला आता काय कळणार आहे? तिचा निबंध तेथेच होता, फक्त तिला तो दिसला नव्हता. मृत्यूची टिपणे बाजूला ठेवून आम्ही प्रश्न लिहिला: मृत व्यक्तीला दिलेले वचन मोडले तर अन्याय कोणावर होतो?

या प्रश्नात काय काय आले ते पाहा. काकांची भूमिका ही मुळात एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाची भूमिका आहे: आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो; मग जो नाही त्याचे बरेवाईट काय होणार? आजीची भूमिका मांडायची तर वचनाचे बंधन नेमके कशातून निर्माण होते, हे सांगावे लागते. विद्यार्थिनीने असा युक्तिवाद केला की, जिवंत माणसाला दिलेले वचन त्याच्या पाठीमागे मोडले आणि त्याला ते कधीच कळले नाही, तरी आपण त्याच्यावर अन्यायच केलेला असतो. म्हणजे अन्याय होण्यासाठी तो कळावा लागतो हे गृहीतकच चुकीचे आहे. त्यावरचा आक्षेप तिला तिच्या मैत्रिणीने सुचवला आणि तो खरोखर अवघड होता: जिवंत माणूस आपल्याला वचनातून मोकळे करू शकतो, मृत माणूस करू शकत नाही, मग मृताला दिलेले वचन जिवंताला दिलेल्या वचनापेक्षा अधिक जड ठरते, आणि हे तर विचित्र आहे. या आक्षेपामुळे तिला आपले मत बदलावे लागले. ज्या हेतूने वचन मागितले गेले तो हेतूच वचन पाळल्याने मोडत असेल तर बंधन सैल होते, पण नाहीसे होत नाही, असा मर्यादित निष्कर्ष तिने काढला. परीक्षकांच्या अभिप्रायात त्या आक्षेपाच्या परिच्छेदाचा वेगळा उल्लेख होता. ‘मृत्यू’ या विषयावर लिहिताना तो परिच्छेद तिला सुचलाच नसता, कारण ज्यावर कोणी आक्षेपच घेऊ शकत नाही असे काही मृत्यूविषयी सांगणे सोपे असते.

आता तुमच्या तीन विषयांकडे येते. जीवनाचा अर्थ हा विषय तूर्त बाजूला ठेवा असे मी स्पष्टपणे सुचवीन. तो क्षुल्लक आहे असे मुळीच नाही. पण ‘अर्थ’ म्हणजे हेतू, मूल्य की सुसंगती, हे ठरवण्यातच शब्दमर्यादा संपते आणि उरलेल्या जागेत उपदेश शिरतो.

इच्छास्वातंत्र्याच्या प्रदेशात तुम्हाला जायचेच असेल तर मला त्यात एक वाट दिसते आणि ती आपल्या भाषेतूनच जाते. मराठीत आपण ‘मी पेला पाडला’ असेही म्हणतो आणि ‘माझ्या हातून पेला पडला’ असेही म्हणतो. कोणाचे काम करायचे विसरलो तर ‘मी विसरलो’ असे म्हणण्याऐवजी बहुधा ‘माझ्याकडून ते राहून गेले’ असे म्हणतो. दुसऱ्या वाक्यात मी आहे, पण कर्ता म्हणून नाही. आता प्रश्न असा पडतो: विसरल्याबद्दल माणसाला दोष देणे न्याय्य आहे काय? विसरण्याचा निर्णय कोणी घेत नाही. मी जाणूनबुजून विसरलो, हे वाक्यच विसंगत आहे. जे मी निवडले नाही त्याची जबाबदारी माझ्यावर नाही, असे मानले तर विसरण्याबद्दल कोणालाच दोष देता येणार नाही. पण आईच्या औषधाची वेळ विसरलेल्या मुलाला आपण दोष देतो, आणि तो मुलगाही स्वतःला दोष देतो. मग एक तर आपली दोष देण्याची रीत चुकीची आहे, किंवा जबाबदारीसाठी निवड आवश्यक असते हे गृहीतक चुकीचे आहे.

पाहा, इच्छास्वातंत्र्याच्या वादाचा गाभा येथे जसाच्या तसा आला, पण आता त्याला हातात धरता येते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात अज्ञानातून आणि निष्काळजीपणातून झालेल्या कृत्यांचा विचार केला आहे. दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचे उदाहरण देऊन तो म्हणतो की, नशेत त्याला भान नव्हते हे खरे, पण नशा न करणे त्याच्या हातात होते. हाच विचार विसरण्याला लावता येईल काय? मी विसरलो तेव्हा आठवण होणे माझ्या हातात नव्हते, पण आदल्या दिवशी वहीत टिपून ठेवणे होते. बहुतेक जण येथपर्यंत येऊन थांबतील. तुम्ही पुढचा आक्षेप घ्या: टिपून ठेवायलाच जो विसरला त्याचे काय? आणि ज्याने सगळी काळजी घेतली, तरीही मित्राच्या घरच्या दुःखद प्रसंगी फोन करायचा राहून गेला, त्याच्यावर मित्र रागावला तर तो राग गैर ठरतो का? कदाचित विसरण्यातून आपल्याला कशाची किती पर्वा आहे हे उघड होते आणि दोष त्या पर्वा नसण्याचा असतो. कदाचित तसेही नसेल, कारण माणसे अगदी जिवाभावाच्या गोष्टीही विसरतात. माझे उत्तर मी मुद्दाम देत नाही, ते तुमचे असायला हवे; परंतु १५०० शब्दांत पेलता येईल आणि तरीही पुरून उरेल, असा हा प्रश्न आहे याची मला खात्री आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी वडिलांचे म्हणणे सरसकट टाकून देऊ नका. अडचण एवढीच आहे की त्या विषयावरचे बहुतेक निबंध नोकऱ्या, गोपनीयता आणि धोका यांच्याविषयीच्या बातम्यांचे संकलन होऊन बसतात, आणि तत्त्वज्ञान सुरू होण्याआधीच संपतात. त्याऐवजी असा प्रश्न घेता येईल: मित्राला दुखावल्यावर मी माफीचा मजकूर चॅटबॉटकडून लिहून घेतला आणि एक शब्दही न बदलता पाठवला, तर मी माफी मागितली असे होते काय? ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत दाखवले की वचन देणे, माफी मागणे अशा ठिकाणी बोलणे हीच कृती असते. मनात पाळण्याचा हेतू नसताना दिलेले वचन, त्यांच्या मते, रद्दबातल होत नाही. ते वचनच असते, पण त्या रीतीचा तो गैरवापर असतो. मग उसन्या शब्दांतली माफी ही माफीच, पण सदोष माफी आहे, की ती माफीच नाही? आणि दुकानातून छापील शुभेच्छापत्र विकत घेऊन पाठवण्यात व यात फरक कोणता? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे, कारण यंत्राबद्दलचा आपला आक्षेप खरोखर यंत्राबद्दल आहे की उसनेपणाबद्दल, हे तो वेगळे काढून दाखवतो.

तुमच्या शिक्षकांच्या सूचनेबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण मी तिच्या बाजूची आहे आणि तरीही ती जशीच्या तशी पाळू नका असे सांगणार आहे. भारतीय दर्शनांचा उपयोग निबंध उठून दिसावा म्हणून केला की ती दर्शने अलंकार होतात: आरंभी एखादे सुभाषित, मध्ये ‘आपल्या ऋषींनी हे आधीच सांगितले आहे’ असे वाक्य आणि अखेरीस एक श्लोक. त्यातून ना युक्तिवाद पुढे जातो, ना त्या परंपरेला न्याय मिळतो, कारण ती परंपरा मुळात वादाची आहे. अनुमान हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे भरवशाचे साधन, नाही, असे केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकाचे मत म्हणून सांगितले जाते. त्याला विचारले जाते की, ‘अनुमान प्रमाण नाही’ हे तू प्रत्यक्षाने पाहिलेस की अनुमानाने ठरवलेस? हा आक्षेप समजून घेऊन चार्वाकाच्या बाजूने त्याला उत्तर शोधणे हा स्वतंत्र निबंध होऊ शकेल. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला विचारतात की, तुझा रथ म्हणजे आस, की चाके, की साटा? यांपैकी कोणताच एक भाग रथ नाही आणि या सर्वांहून वेगळाही रथ सापडत नाही. मग माणसाचे ‘मी’पण तरी कोठे शोधायचे? विसरण्याच्या प्रश्नाला हा विचार थेट भिडतो, कारण काल वचन देणारा मी आणि आज विसरलेला मी एकच आहोत, हे दोष देणाऱ्याने गृहीत धरलेले असते. अशा रीतीने जेथे परंपरेतला एखादा युक्तिवाद तुमच्या प्रश्नाला प्रत्यक्ष उत्तर किंवा आक्षेप पुरवतो, तेथे तो अवश्य घ्या; इतरत्र घेऊ नका.

मात्र एक गोष्ट या परंपरेतून प्रत्येकाने घ्यावी असे मला मनापासून वाटते, आणि ती म्हणजे पूर्वपक्ष, म्हणजे स्वतःच्या मताआधी विरोधी बाजू, मांडण्याची शिस्त. विषय पक्का करण्यापूर्वी एका कागदावर तुमचे उत्तर एका वाक्यात लिहा. मग त्याच्या विरोधातील बाजू अशी लिहा की ती मानणाऱ्याने वाचून ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हणावे. विरोधी बाजूच सापडत नसेल, तर तुमचे वाक्य बहुधा ‘माणसाने जबाबदारीने वागावे’ अशा जातीचे आहे, ज्याला कोणीच नाही म्हणणार नाही. तो प्रश्न सोडून द्या. विरोधी बाजू लिहिताना तुम्हाला तीच अधिक पटू लागली, तर घाबरू नका, बाजू बदला. मी पाहिलेल्या चांगल्या निबंधांपैकी कित्येकांचा जन्म अशा बाजू बदलण्यातून झाला आहे.

वाचनाबद्दलही विषय निवडतानाच विचार करावा लागतो. ज्या प्रश्नासाठी तीन जाड ग्रंथ वाचावे लागतील तो सहा आठवड्यांत, अभ्यास आणि चाचण्या सांभाळून, झेपणार नाही. दोन किंवा तीन लेख नीट, पेन्सिल हातात घेऊन वाचता येतील एवढाच पसारा ठेवा. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. त्यातील नोंदी अवघड असतात, पण नोंदीचा आरंभ आणि आक्षेपांचे भाग वाचले तरी वाद कोठे आहे हे कळते. मराठी संज्ञा हव्या असतील तर दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश मोठ्या ग्रंथालयांत मिळतो आणि मराठी विश्वकोश तर घरबसल्या वाचता येतो. निबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी पहिला विचार मराठीत करून पाहा, असा माझा आग्रह असतो. ‘राहून गेले’ या शब्दांतला पेच इंग्रजीत विचार करणाऱ्याला सहजी दिसणार नाही. परीक्षकाला तो समजावून सांगायला दोनचार वाक्ये लागतील, पण तीच तुमच्या निबंधातील सर्वांत स्वतःची वाक्ये असतील.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, परीक्षकांना काय आवडेल हा. परीक्षक कोण आहेत हे तुम्हाला कळणार नाही आणि त्यांच्या आवडीचा अंदाज बांधून लिहिलेला निबंध पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो, हे तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर मला समजले. शंभर निबंध वाचणाऱ्या माणसाला, लिहिणाऱ्याला ज्याचे उत्तर खरोखर हवे आहे असा प्रश्न समोर आला की तो पुन्हा सावध होऊन वाचू लागतो.

म्हणून पहिला आठवडा केवळ निवडीला द्या. रोज एक प्रश्न, त्याचे एका वाक्यातले उत्तर आणि त्यावरचा एक आक्षेप, एवढेच वहीत लिहा. काही वाचू नका. आठवड्याअखेरीस त्यांतला जो प्रश्न तुम्ही वही मिटल्यावरही मनात घोळवत होतात, बसमध्ये किंवा जेवताना कोणाला तरी सांगून पाहिलात, तो घ्या. मला विचाराल तर मी विसरण्याचा प्रश्न घेईन. पण तुमच्या वहीत त्याहून चांगला प्रश्न उतरला असेल तर तोच घ्या, आणि त्यावरचा पूर्वपक्ष लिहून झाला की येथे पाठवा. मी वाचून माझा आक्षेप कळवीन.